मराठी ब्लॉग, होमस्टे आणि आगळ: ऑनलाइन साधनांतलं नेमकं काय घ्यावं?

सावईची सून

नमस्कार मंडळी. मी फोंडा तालुक्यात सावईवेऱ्याला असते. बरीच वर्षं मराठीत ब्लॉग लिहिते आहे. आसपासची देवळं, जत्रा, कुळागरातली (नारळी-पोफळीच्या बागेतली) कामं, थोडंफार रांधप. ब्लॉगरवरच आहे, स्वतःचं डोमेन (स्वतःच्या नावाचा वेबपत्ता) नाही. वाचक येतात, पण आकडा आहे तिथेच आहे. आता मागच्या दोन खोल्या होमस्टेसाठी काढल्यात आणि जाऊबाई आगळ नि सोलं (कोकमाचा घट्ट रस नि सुकवलेली सालं) करून विकतात, त्यामुळे लिहिणं नुसतं हौसेचं राहिलेलं नाही. त्यातून चार गिऱ्हाइकं यावीत असं वाटतं.

मध्यंतरी एका एजन्सीचा मुलगा येऊन गेला. वर्षाचं पॅकेज, "गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो", शिवाय पाच-सहा महागड्या टूल्सची नावं. रक्कम ऐकून मामंजींचा सुपारी कातरायचा अडकित्ता हवेतच राहिला.

तर जाणकारांनो, यातलं खरोखर काय लागतं? फुकट काय मिळतं? पैसे घालायचेच तर आधी कशात घालू? मराठीत लिहिणाऱ्यांचे अनुभव जास्त हवेत, कारण यूट्यूबवरचे सगळे सल्ले इंग्रजी ब्लॉगसाठी असतात.

डिचोलीकर

त्या मुलाला एवढंच विचारा: पहिल्या पानावर, पण कुठल्या शब्दासाठी? "सावईवेरे कुळागर दोन खोल्यांचा होमस्टे" असं शोधलं तर तुम्ही आजच पहिल्या पानावर असाल, कारण ते कुणी शोधतच नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच्या मार्गदर्शक सूचनांत लिहून ठेवलंय.

आधी गूगलचं सर्च कन्सोल जोडा. फुकट आहे, ब्लॉगरला तर दोन मिनिटांत जोडलं जातं. तुमचं पान कुठल्या शोधात दिसलं, किती वेळा दिसलं, त्यातल्या किती जणांनी क्लिक केलं आणि सरासरी कितव्या जागी होतं, हे सगळं मागच्या 16 महिन्यांचं दिसतं. बाकीची टूल्स अंदाज बांधतात. हे तुमच्याच ब्लॉगचं, गूगलकडचं आहे.

बघायचं कसं ते सांगतो, कारण बहुतेक जण वरचा आलेख बघून बंद करतात. परफॉर्मन्सच्या पानावर जाऊन क्लिक, इंप्रेशन (किती वेळा दिसलं) आणि पोझिशन (कितव्या जागी) तिन्ही चालू करा. मग खालची शोधशब्दांची यादी इंप्रेशनप्रमाणे लावा. ज्या शब्दांवर तुम्ही भरपूर वेळा दिसता, पण जागा आठ ते वीसच्या दरम्यान आहे आणि क्लिक जवळजवळ नाहीत, ते वहीत उतरवून घ्या. लोकांना हवं ते तुमच्याकडे अर्धंमुर्धं आहे, असा त्याचा अर्थ. नवीन लेख लिहिण्याआधी ती जुनी पानं दुरुस्त करा.

माझ्या साइटवर माशेलच्या चिखलकाल्याचा (चिखलात खेळायच्या उत्सवाचा) लेख आहे. मी लिहिलं होतं काल्याची परंपरा, देवकीकृष्णाचं देऊळ, गवळणकाला वगैरे. लोक शोधत होते "यंदा कधी आहे" आणि "गाडी कुठे लावायची". आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी असतो, हे लेखात सातव्या परिच्छेदात होतं! ते वर घेतलं, खाली पार्किंगचं लिहिलं. बाकी एक अक्षर बदललं नाही, तरी पान वर सरकलं.

अबोली

डिचोलीकरांना +१. त्यात एक भर, कारण गोव्यात हा घोळ इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त आहे: गावांची नावं.

आपण मराठीत लिहितो कुडचडे, केपे, साखळी, माशेल. सरकारी पाटीवर आणि गूगल नकाशावर रोमन लिपीत जे असतं ते वाचलं तर कर्चोरेम, क्वेपेम, सांक्वेलिम, मार्सेल. पुण्या-कोल्हापुरातला माणूस नकाशावरचंच टंकतो. गोंयकार कधी देवनागरीत टंकतो, कधी रोमनमध्ये ऐकू येईल तसं. तुमच्या लेखात फक्त "केपे" असेल तर निम्मे शोध तुमच्यापर्यंत पोचणारच नाहीत. मी पहिल्या परिच्छेदात दोन्ही नावं सहज येतील अशी घालते, फोटोच्या वर्णनात रोमन नाव देते आणि पानाचा पत्ता (यूआरएल) तर रोमनमध्येच ठेवते.

पत्त्याचं मुद्दाम सांगते, सूनबाई, कारण तुम्ही ब्लॉगरवर आहात. शीर्षक देवनागरीत असलं की ब्लॉगर ते पत्त्यात घेत नाही, नुसतं "ब्लॉग-पोस्ट" आणि पुढे आकडा असा बिनचेहऱ्याचा पत्ता लावतो. प्रकाशित करण्याआधी उजवीकडे पर्मालिंकमध्ये जाऊन स्वतः रोमनमध्ये छोटा पत्ता द्या. वर्डप्रेसवर उलटी गंमत. तिथे देवनागरी पत्ता चालतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांचं हातभर शेपूट होतं. लोकांना तो व्हायरस वाटतो. माझ्या मावशीने एकदा तसल्या लिंकवरून मला फोन करून "तुझा मोबाईल हॅक झालाय" म्हणून कळवलं होतं.

जुन्या लेखांचे पत्ते मात्र उगाच बदलू नका. बदललेच तर सेटिंगमधून जुन्यावरून नव्यावर रीडायरेक्ट लावा.

दोडामार्गी

वाचनखूण साठवली. आमच्याकडे काजूचा धंदा आहे, सीमेच्या या बाजूला. प्रश्न असा की कीवर्ड टूल (लोक कुठले शब्द शोधतात ते सांगणारं) विकत घ्यावं का?

तिसवाडी

@दोडामार्गी, मराठीसाठी तरी आत्ता नको. मी पणजीत याच कामात नोकरी करतो, ऑफिसात एचरेफ्स आणि सेमरश दोन्ही आहेत. इंग्रजीसाठी, मोठ्या हॉटेलांसाठी, स्पर्धक कुठून लिंका मिळवतो ते बघण्यासाठी ती बापटूल्स आहेत. पण मराठी शब्द टाका, बहुतेक ठिकाणी शून्य दिसतं. शून्य म्हणजे कुणी शोधत नाही असं नव्हे. त्यांच्याकडे नमुना अपुरा असतो, एवढाच अर्थ. त्या शून्यावर भरोसा ठेवून कित्येकांनी चांगले विषय सोडून दिलेले मी पाहिलेत. एचरेफ्सचं स्वतःच्या साइटपुरतं वेबमास्टर टूल्स फुकट मिळतं. तुटक्या लिंका शोधायला ते पुरे.

गूगलचा कीवर्ड प्लॅनर फुकट आहे, जाहिरातीचं खातं उघडावं लागतं. जाहिरातीवर खर्च करत नसाल तर तो नेमका आकडा न देता 100 ते 1,000 असा ढोबळ पल्ला दाखवतो. चालतं आपल्याला. दोन विषयांतला कुठला मोठा एवढंच बघायचं असतं.

माझं आवडतं साधन मात्र साधा शोधचौकोन. इनकॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खाजगी खिडकीत) "मंगेशी" टंका, थांबा, खाली काय सुचतं ते बघा. मग "मंगेशी अ", "मंगेशी क" असं एकेक अक्षर पुढे. निकालाच्या मध्ये "लोक हेही विचारतात" म्हणून येतं, तेही उघडून बघा. एका दुपारी महिनाभर पुरतील एवढे विषय निघतात, आणि तेही लोकांच्याच शब्दांत.

गूगल ट्रेंड्सही बघा, पण तो आकडा नीट समजून घ्या. ते किती जणांनी शोधलं हे सांगत नाही. निवडलेल्या काळातला सर्वांत वरचा बिंदू 100 धरून बाकीचं त्या मानाने दाखवतं. 2004 पासूनचं आहे. राज्य म्हणून गोवा निवडता येतं, पण मराठी शब्द टाकला की "पुरेसा डेटा नाही" येण्याचीच शक्यता जास्त. राज्य केवढं, त्यात देवनागरीत शोधणारे किती! महाराष्ट्र निवडा. तुमचा होमस्टेचा गिऱ्हाईक तसाही तिकडूनच येणार.

ट्रेंड्सवरून ऋतू कळतो, तो खरा फायदा. माटोळीबद्दल (गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या मांडवीबद्दल) लोक चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीचे काही दिवसच शोधतात. चवथीच्या आदल्या दिवशी लेख टाकलात तर गूगल तो नोंदवेपर्यंत घरचा गणपती विसर्जनाला निघालेला असतो. दीड-दोन महिने आधी टाका. आणि दर वर्षी नवा लेख नको, त्याच पानावर तारीख नि फोटो बदला, म्हणजे पानाचं जुनं वजन वाया जात नाही.

मुंबईस्थ गोंयकार

वाचक म्हणून बोलतो, मला टूल्समधलं काही कळत नाही.

आमचं कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा. वर्षातून एकदा सगळं कुटुंब घेऊन येतो. दरवेळी मी शोधतो काय? अग्रशाळेत (देवळाच्या भक्तनिवासात) खोली मिळेल का, अभिषेकाला किती वाजता बसायचं, देवळाजवळ शाकाहारी जेवण कुठे, मोपा विमानतळावर उतरलो तर फोंड्यापर्यंत कसं यायचं. 2023 च्या जानेवारीत मोपा सुरू झालं तरी अजून निम्म्या ब्लॉगांवर "दाबोळी विमानतळावरून" एवढंच लिहिलेलं सापडतं. देवळाचा इतिहास दहा ठिकाणी एकसारखा, शब्दन्‌शब्द. अग्रशाळेचं मात्र कुणी धड लिहीत नाही. मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी, नागेशी, सगळीकडे तीच कथा. आमच्यासारखी हजारो कुटुंबं मुंबई, बेळगाव, कारवारला आहेत. सूनबाई, तुम्ही फोंडा तालुक्यात आहात, हे तुमच्या दारातलं आहे.

अबोली

@मुंबईस्थ गोंयकार, हा प्रतिसाद फ्रेम करून लावावा असा आहे. कीवर्ड रिसर्च कीवर्ड रिसर्च म्हणतात ते हेच.

खाजेवाला

लेखाचं बरंच झालं, आता विक्रीचं. माझा खाज्याचा नि लाडवांचा धंदा जत्रांच्या फेरीवर चालतो, ऑनलाइनचा अनुभव तसा नवा, पण टक्केटोणपे खाऊन झालेत.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अ‍ॅप घ्या. वेगळा नंबर ठेवा, घरचा नको, नाहीतर रात्री अकराला "आगळ आसा?" म्हणून मेसेज येतात. त्यात कॅटलॉग करता येतो: फोटो, भाव, माहिती. आलेल्या गिऱ्हाइकांना लेबलं लावता येतात, नवीन ऑर्डर, पैसे बाकी, पाठवलं. वेळेबाहेर आपोआप जाणारं उत्तर लावता येतं. ब्लॉगमध्ये डब्ल्यूए डॉट एमई आणि पुढे देशाच्या आकड्यासह नंबर अशी लिंक दिली की माणूस नंबर साठवल्याशिवाय थेट गप्पांत येतो. त्या लिंकमध्ये आधीच लिहिलेला मजकूरही घालता येतो, "मला आगळाची बाटली हवी आहे" असा. लाजाळू गिऱ्हाइकाला सुरुवात सोपी जाते.

ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) एका वेळी 256 जण. पण ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलाय त्यालाच मेसेज पोचतो. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण "कुणी उत्तरच देत नाही" म्हणून बसतात. म्हणून मी पार्सलमध्ये चिठ्ठी घालतो: नंबर सेव्ह करा, पुढच्या जत्रेची वर्दी मिळेल.

आणि खाण्याची वस्तू विकताय, तर एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षेची) नोंदणी आधी. बाटलीवर नंबर नसेल तर बाहेरगावचं दुकान हातही लावत नाही.

तिसवाडी

खाजेवाला बाब, व्हॉट्सअ‍ॅपला हरकत नाही, पण सगळी अंडी तिथेच नकोत. चॅनल काढलं तर फॉलोअरचे नंबर आपल्याला दिसत नाहीत. इन्स्टाग्रामचं तेच. ओळखीतल्या एका बाईंचं चांगलं चाललेलं खातं कुणीतरी बळकावलं, परत मिळेपर्यंत नाताळचा सगळा हंगाम गेला. गिऱ्हाइकांची यादी स्वतःजवळ हवी. ईमेल गोळा करा.

खाजेवाला

ईमेल कोण उघडतो हो? आमच्या गावात ईमेल म्हणजे बँकेचा ओटीपी यायची जागा.

मुंबईस्थ गोंयकार

मी उघडतो. 😀 दिवसभर ऑफिसात तेच तर करतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचं जत्रेचं पत्रक तासाभरात वर सरकून जातं, ईमेल शोधली की सापडते.

तिसवाडी

दोघांचंही खरं. गावातल्या गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅप, बाहेरगावच्या कुलदैवतवाल्यांना ईमेल. ब्रेव्हो या ईमेल-सेवेच्या फुकट योजनेत दिवसाला 300 पाठवता येतात, पूर्वी सेंडिनब्ल्यू म्हणायचे तेच. लहान यादीला पुरतं. एवढं लक्षात ठेवा की जीमेलने फेब्रुवारी 2024 पासून पाठवणाऱ्यांवर नियम कडक केलेत. डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएम या (मेल खरंच तुमचीच आहे हे पटवणाऱ्या) नोंदी लावलेल्या नसतील तर मेल स्पॅममध्ये जाईल किंवा परत येईल. आणि साध्या जीमेल पत्त्यावरून शेकडो जणांना बीसीसी करणं तर सोडूनच द्या. त्यासाठी सूनबाई, पहिला खर्च स्वतःच्या डोमेनवर. ब्लॉगर ते फुकट जोडून देतो, होस्टिंगचा खर्च नाही. डोमेन मात्र तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डावर. एजन्सीच्या नावावर असलेलं डोमेन सोडवून घेताना लोकांचे काय हाल होतात ते मी रोज बघतो. भांडण झालं की आधी डोमेन अडवतात.

सावईची सून

अरे बापरे, एका रात्रीत एवढं! सगळ्यांना देव बरें करूं.

गोंयकार दादा, अग्रशाळेचं डोक्यात बसलं. सर्च कन्सोल जोडलं, आत्ता रिकामंच दिसतंय, डेटा यायला वेळ लागेल ना? डोमेन या आठवड्यात घेते.

होमस्टेचा प्रश्न राहिला. बुकिंगच्या मोठ्या साइटवर टाकू की आधी गूगल नकाशावर?

डिचोलीकर

डेटा दिसायला एक-दोन दिवस लागतात. ब्लॉग तुम्ही आज जोडला तरी मागचंही थोडं दिसू शकतं, घाबरू नका.

होमस्टेचं: आधी पर्यटन खात्याची नोंदणी झालीय ना? नसेल तर ती. मग गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे नकाशावरची तुमच्या धंद्याची नोंद. पडताळणीला हल्ली बहुतेकदा व्हिडिओ मागतात: रस्ता, घराचा बाहेरचा भाग, पाटी, आतल्या खोल्या, आणि घर तुमच्या ताब्यात आहे असं दाखवणारं काहीतरी, म्हणजे कुलूप उघडताना वगैरे. एका दमात, न तोडता. आमच्या वाड्यावर रेंज जाते म्हणून मी आधी चित्रित करताना दोनदा खालच्या रस्त्यावर पळत गेलो.

नकाशावरची टाचणी स्वतः ओढून बरोबर दारात लावा. गोव्यातल्या वाड्यांत ती हमखास शेजाऱ्याच्या पोरसात पडते आणि पाहुणे रात्री नऊला भलत्याच घराचा दरवाजा ठोठावतात. नावात कीवर्ड कोंबू नका, "बेस्ट होमस्टे नियर मंगेशी टेंपल" असलं. पाटीवर आहे तेच नाव. नाहीतर प्रोफाइल निलंबित होतं. रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत द्यायची नाही, तेही नियमात बसत नाही. नुसतं विचारा, निघताना क्यूआर दाखवा. प्रत्येक रिव्ह्यूला उत्तर द्या, वाईटालाही, शांतपणे.

कुणी "प्रोफाइलवरच फुकट वेबसाइट बनते" सांगितलं तर ते जुनं झालं. गूगलने ती सोय मार्च 2024 मध्ये बंद केली.

अबोली

आता फोटो. मी तुमचा ब्लॉग उघडून पाहिला, सूनबाई, रागावू नका. कुळागराचा लेख मोबाईलवर उघडताना माझा चहा निवला. फोटो फोनमधून जसेच्या तसे चढवलेत, एकेक चार-पाच एमबीचा.

स्क्वूश नावाचं फुकट साधन आहे, ब्राउझरमध्येच चालतं, फोटो कुठल्या सर्व्हरवर जात नाही. डावीकडे मूळ, उजवीकडे बारीक केलेला, मधली रेघ सरकवून फरक बघता येतो. रुंदी 1,200 पिक्सेल, प्रकार वेबपी, गुणवत्ता 75 च्या आसपास. चार एमबीचा फोटो दीड-दोनशे केबीवर येतो आणि पोफळीच्या शिरा तशाच दिसतात. मग पेजस्पीड इनसाइट्सवर (पानाचा वेग मोजणारं गूगलचं साधन) पान तपासा. सगळ्या आकड्यांच्या नादी लागू नका. मुख्य गोष्ट, म्हणजे बहुतेकदा वरचा मोठा फोटो, अडीच सेकंदांच्या आत दिसली पाहिजे. हिरवे शंभर गुण मिळवण्यात लोक आठवडे घालवतात, वाचकाला त्याचं काही नसतं.

फाँट: मुक्ता किंवा बलू, दोन्ही 'एक टाइप' नावाच्या संस्थेने केलेले, गूगल फाँट्सवर फुकट. लांब लेखाला टीरो देवनागरी मराठी सुंदर दिसतो, त्यातले ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत. कॅनव्हात पोस्टर करताना मात्र कुठलाही शोभिवंत फाँट उचलू नका. कित्येकांत देवनागरी नसतेच, आणि मग जोडाक्षरं फुटतात. "श्री शांतादुर्गा प्रसन्न" चा चुरा झालेलं पत्रक मी छापलेलं पाहिलंय, तेही फ्लेक्सवर.

जुनी जत्रेची पत्रकं, स्मरणिका असतील तर फोटो काढून गूगल ड्राइव्हमध्ये चढवा आणि डॉक्समध्ये उघडा. मजकूर टंकित होऊन मिळतो, चुका सुधाराव्या लागतात. गूगल डॉक्समध्ये मराठी बोलूनही टंकता येतं. रांधता रांधता पाककृती सांगायला झकास. कोकणी शब्द आले की मात्र ते काय वाट्टेल ते लिहितं.

गाभाऱ्यात फोटो काढायचा तर देवस्थान समितीला विचारून. आणि दुसऱ्याचा फोटो वर्तमानपत्राच्या साइटवरून उचलायचा नाही. विकिमीडिया कॉमन्सवर गोव्यातल्या देवळांचे, सणांचे पुष्कळ फोटो आहेत. परवाना वाचून छायाचित्रकाराचं नाव आणि परवाना द्यायचा, झालं.

दोडामार्गी

आणि एआय? मी चॅटजीपीटीकडून काजूबद्दल दहा लेख लिहून घेतलेत. टाकू का?

तिसवाडी

नको. मार्च 2024 मध्ये गूगलने ढिगाने तयार केलेल्या पोकळ मजकुराविरुद्ध धोरण जाहीर केलंय, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने. दहा लेखांनी कुणी फासावर देणार नाही, पण त्यांत तुमच्या बागेतलं काय आहे? बोंडू कधी गळतो, बी किती दिवस वाळवता, भाजायला चूल की बॉयलर, हे तुम्हाला माहीत, त्याला नाही.

मी एआय वापरतो, पण लेखणी म्हणून नाही. दहा शीर्षकं सुचव, हा लांब परिच्छेद आखूड कर, पाहुण्याच्या इंग्रजी तक्रारीला नम्र उत्तर लिही, वर्डप्रेसमध्ये हा कोड कुठे चिकटवू. तारखा नि तिथ्या कधीच विचारत नाही. एका देवळाच्या जत्रेची तारीख त्याने मला इतक्या आत्मविश्वासाने चुकीची सांगितली की क्षणभर मीच पंचांगावर शंका घेतली. तिथी देवस्थानच्या पत्रकावरूनच.

अबोली

आणि भाषा! "गोव्याच्या निसर्गरम्य कुशीत वसलेले हे एक लपलेले रत्न आहे." हे वाक्य मी इतक्या ब्लॉगांवर वाचलंय की आता रत्न दिसलं की पान बंद करते.

खाजेवाला

अवांतर: आमचं गाव कुणाच्याच कुशीत नाही, हायवेला लागून आहे.

कुंभारजुवेकर

उशिरा आलो. कमाईचं कुणी बोललं नाही म्हणून थोडक्यात.

अ‍ॅडसेन्स (ब्लॉगवर गूगलच्या जाहिराती) मराठीला चालतं, कोकणीचं नाव मात्र त्यांच्या भाषांच्या यादीत नाही. म्हणजे ब्लॉग द्विभाषी करणार असाल तर याचा विचार करा. खात्यात 10 डॉलर जमले की पत्ता पडताळायला पोस्टाने पिन येतो, आणि 100 डॉलर होईपर्यंत पैसे सुटत नाहीत. मराठी ब्लॉगला त्या शंभराची वाट बघण्यात बरेच महिने जातात, हे आधीच सांगतो. पत्ता मात्र पोस्टमनला कळेल असा लिहा, वाड्याच्या नावासकट.

अ‍ॅमेझॉनच्या अफिलिएट (विक्रीवर कमिशन देणाऱ्या) लिंका: पहिल्या 180 दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद. क्लिकनंतर 24 तासांत वाचकाने खरेदी केली किंवा निदान वस्तू कार्टमध्ये टाकली तरच तुमचं कमिशन. देवळांच्या ब्लॉगवर कुकरची लिंक कोण दाबणार? सूनबाईंच्या बाबतीत मला अ‍ॅडसेन्सही लावू नये असं वाटतं. त्यांच्या पानावरून एक कुटुंब दोन रात्री राहायला आलं तर ते वर्षभराच्या जाहिरातींपेक्षा जास्त आहे. मग त्याच पानावर दुसऱ्या हॉटेलाची जाहिरात दाखवायची कशाला?

कुणी फुकट जेवण देऊन किंवा पैसे देऊन लिहून घेतलं, तर तसं स्पष्ट लिहायचं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी 2023 च्या सूचना आहेत, दंड 10 लाखांपर्यंत होऊ शकतो. लहान ब्लॉगरला कोण विचारतो म्हणाल, पण वाचक विचारतो.

डिचोलीकर

@कुंभारजुवेकर, अ‍ॅडसेन्सबद्दल पूर्ण सहमत नाही. जत्रांच्या लेखांवर लावायला काय हरकत आहे? होमस्टेचं पान तेवढं वगळा. पण लावलंत तर मध्ये मध्ये घुसणाऱ्या जाहिराती बंद ठेवा, नाहीतर अबोलीताईंचा चहा परत निवेल.

सावईची सून

मंडळी, थोडी प्रगती. डोमेन घेतलं, माझ्याच नावावर. फोटो बारीक करायला पुतण्याला बसवलंय. सर्च कन्सोलमध्ये आकडे येऊ लागले आणि गोंयकार दादांचं तंतोतंत खरं निघालं. रामनाथीच्या लेखावर लोक "अग्रशाळा फोन" असं शोधत आले आहेत, आणि माझ्या लेखात अग्रशाळा हा शब्दच नव्हता. आता फोंडा तालुक्यातल्या देवळांच्या अग्रशाळांचं एक पान करते आहे. समितीच्या कार्यालयात जाऊन विचारूनच लिहीन.

एक शेवटची शंका. वाचक पुण्याचे किती, मुंबईचे किती, बेळगावचे किती हे सर्च कन्सोलमध्ये कुठे दिसतं? मला फक्त "भारत" दिसतंय.

तिसवाडी

तिथे देशापलीकडे जात नाही. शहर बघायचं तर गूगल अ‍ॅनालिटिक्स जोडा, वापरकर्त्यांच्या तपशिलात देश बदलून शहर निवडा. शहराचा अंदाज नेटच्या जोडणीवरून बांधलेला असतो, सावंतवाडीचा माणूस कधी मुंबईचा दिसतो, तेव्हा फार काटेकोर धरू नका. जोडल्या जोडल्या अ‍ॅडमिनमध्ये डेटा साठवण्याची मुदत दोन महिन्यांवरून 14 महिन्यांवर न्या. ती आपोआप दोनवर असते आणि मागचा गेलेला परत मिळत नाही. नाहीतर पुढच्या चवथीला या चवथीशी तुलना करायला बसाल आणि सविस्तर काही हाती नसेल.

अग्रशाळांच्या पानावर प्रत्येक देवळाखाली "माहिती अमुक महिन्यात तपासली" असं लिहा. फोन नंबर समितीने जाहीर केलेलाच द्या, पुजाऱ्यांचा खाजगी नको. पान झालं की लिंक इथे टाका, नकाशाच्या टाचण्या मी तपासून देतो.